हुकूम कुणाचा?

फिलोमिना आंटी कुठल्याही दुकानात शिरल्या की आधी पाटी वाचायच्या आणि गल्ल्यावरच्या माणसाला हसत विचारायच्या, "नाव छान आहे. पण इथे हुकूम कुणाचा चालतो?" परदेशातल्या आमच्या क्लेटन उपनगरातले दुकानदार याला सरावले होते.

आंटी मूळच्या वसईच्या. इथल्या युनिव्हर्सिटीत कंपनी कायदा शिकवून निवृत्त झालेल्या, आणि माझ्या घरमालकीण. आवडीचा विषय एकच: शंभर वर्षांपूर्वीचं शांघाय. तिथे ब्रिटिश झेंड्याचं संरक्षण मिळावं म्हणून परके व्यापारी ब्रिटिश कंपन्यांच्या आडून धंदा करायचे. शेवटी ब्रिटिश सरकारने नियम केला, की अशा कंपनीत निम्म्याहून जास्त संचालक ब्रिटिशच हवेत.

"पाटी ब्रिटिश, लगाम भलत्याच्याच हातात," आंटी सांगायच्या. "साम्राज्याने नियम केला स्वतःच्या फायद्यासाठी, पण प्रश्न बरोबर विचारला."

लॉकडाऊनमध्ये भारतातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा आंटींनी गॅरेजमध्ये शेगडी मांडली. आम्ही चार-पाच जण मास्क लावून वरणभात शिजवायचो. ज्याला हवा तो डबा घेऊन जायचा. तांदूळ संपत आला तेव्हा विकी नावाचा केटरर आला. तांदूळ, मोठी पातेली, व्हॅन, सगळं द्यायला तयार.

"आंटीजी, नाम आपका ही रहेगा."

आम्ही खूश. आंटींनी विचारलं, "आणि जेवण कुणाला द्यायचं, हे कोण ठरवणार?"

"वो हमारी टीम देखेगी. बस, डबा लेते वक्त एक फोटो, हमारे पेज के लिए."

नोकरी गेल्याचं कितीतरी मुलांनी घरी सांगितलंच नव्हतं. फोटो म्हटल्यावर ती परत फिरकली नसती. पण तांदूळ जेमतेम उद्यापुरता होता. आम्ही आंटींकडे बघत राहिलो.

त्यांनी विकीला चहा दिला, शांघायची सगळी गोष्ट ऐकवली आणि म्हणाल्या, "आमची समिती आहे. जेवणारी मुलंच तिच्यात जास्त. तुम्हालाही एक मत देते. फोटो मात्र नाही. आणि कांदे चिरायला माणूस हवाय."

अशी समिती नव्हतीच. ती त्या क्षणी जन्मली. विकी हसला. दुसऱ्या दिवशी व्हॅन भरून तांदूळ आला आणि तो स्वतः कांदे चिरायला बसला.

निर्बंध उठल्यावर आंटी कायमच्या दुसऱ्या शहरात, टूनगॅबीला लेकीकडे निघाल्या. शेवटच्या रविवारी जेवणाचा बेत समितीच्या मतांवर टाकला. आंटींनी बोंबलाचं कालवण सुचवलं, विकीने छोले. आंटींना एकच मत पडलं, त्यांचं स्वतःचं. इतक्या आनंदाने हरलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

"झालं," डोळे पुसत, हसत त्या म्हणाल्या, "आता मी जायला मोकळी."