करडईच्या तेलाने अडकलेली बंदूक

सासऱ्यांची बंदूक दोन नळ्यांची. गावी शेती होती तेव्हा रानडुकरांसाठी घेतलेली. शेती विकून आम्ही शहरात, मलकपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तशी तीही लायसन्ससकट मामंजींच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात येऊन राहिली. किल्ली त्यांच्या करगोट्याला. नवरा मस्कतला. मामंजी हल्ली विसरायला लागले होते, त्यांना एकटं सोडता येत नसे. त्यांच्याजवळ बसायला एक बाई ठेवली होती. कपाटात काय आहे ते कळलं त्या दिवशी "नक्को अम्मा" म्हणाली आणि गेली ती गेलीच. दुसरी मिळेना. भाजीसुद्धा मी दोरीला पिशवी बांधून खालून वर ओढून घ्यायची.

बंदूक पुसायचा त्यांचा दिवस रविवार. अशाच एका रविवारी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, ही उघडेना."

ते पलंगावर बसले होते, बंदूक मांडीवर आडवी. वरची कळ सरकवली की नळ्या खाली झुकतात आणि आत काडतूस आहे की नाही ते दिसतं, एवढं मला इतक्या वर्षांत बघून ठाऊक होतं. कळ जागची हलत नव्हती. खोलीत खवट वास होता, जुन्या चिवड्यासारखा. मी तेलाची बाटली हुंगली. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, पण आत आमच्या स्वयंपाकघरातलं करडईचं तेल. मशीनचं तेल कधी संपलं आणि ते हे कधीपासून भरत होते, त्यांनाच आठवत नव्हतं. सांध्यासांध्यातून ते वाळून पिवळं, चिकट झालं होतं, कढईच्या बुडाला बसतं तसं.

"मामंजी, रिकामी आहे ना ही?"

"आहे की." मग बंदुकीकडे बघत, "असेल."

मी हळूच बंदूक उचलून गादीवर ठेवली. पण तोंड कुठे करायचं? या भिंतीमागे शेजारची मुलं ट्यूशनला बसलेली. त्या भिंतीमागे आमचंच स्वयंपाकघर, त्यापलीकडे म्हातारं तेलुगू जोडपं. वर माणसं, खाली माणसं. शेवटी बाहेरच्या भिंतीकडे तोंड केलं आणि पुढ्यात तांदळाची दोन पोती ओढून लावली.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पोलिसांना बोलव." ते ऐकून मामंजींनी माझा पदर धरला. "मला ठाण्यात बसवतील गं." मग मी आबिड्स भागातल्या बंदुकीच्या दुकानात फोन लावला; लायसन्सच्या पिशवीत त्यांचं कार्ड होतं. दुकान बंद होतं, पण मालकांनी उचलला.

"अम्मा, जोर नक्को लगाओ. घोड़े को हाथ नक्को लगाओ. तेल भी नक्को डालो. मैं आतूं."

ते येईपर्यंत मी दारात स्टूल टाकून बसले. मामंजींना खोलीबाहेर काढावं तर ते हलेनात, त्यांना सोडून आपण जावं तर जाणार कुठे? मधेच ते विसरायचे आणि बंदुकीकडे हात न्यायचे. "मामंजी, नको." परत थोड्या वेळाने तेच. चहा करायलाही उठता आलं नाही.

मालक आले, पिकल्या दाढीचे, हातात छोटी पेटी. त्यांनी मला आणि मामंजींना बाहेर पाठवलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. बंदूक झुकलेली होती आणि त्यांच्या तळहातावर एक काडतूस, पितळेवर हिरवा गंज चढलेलं.

मामंजी ते निरखून बघत राहिले. "कुणी घातलं हे?" त्यांनी मलाच विचारलं.

मालकांनी खायचं तेल का चालत नाही ते सांगितलं: हवा लागली की ते वाळून डिंक होतं. पेटीतून त्यांनी दोन डब्या काढल्या. पातळ तेल सांध्यांसाठी, तेही थेंबभर. जाड तेल नळ्यांना, बंदूक बरेच दिवस नुसती ठेवायची असेल तर. लाकडाला जवसाचं. मग मामंजींकडे वळून अदबीनं म्हणाले, "साहब, हमारे पास जमा कर देव. आपकी अमानत रहेगी."

मी मामंजींकडे बघत होते. ते 'बरं' म्हणाले असते तर बाई मिळाली असती, पुढच्याच रविवारी नांदेडला भाचीचं लग्न होतं, तिथं जाता आलं असतं.

"मी आहे तोवर नाही," मामंजी म्हणाले. इतकं स्पष्ट ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

काडतूस मालकांनी पेटीत टाकलं. कपाटातली बाकीचीही मी त्यांच्या स्वाधीन केली. मामंजींनी अडवलं नाही. कोणती डबी ठेवू असं मालकांनी विचारलं, तेव्हा मी जाड तेलाची मागितली. वारंवार कपाट उघडायला नको म्हणून.

पण ते मामंजींना पटत नाही. रविवार आला की ते करगोट्याची किल्ली काढून देतात. हात थरथरतात म्हणून पुसते मी, ते समोर बसून सांगतात, "तिथे राहिलं, कमी लाव, कमी." लग्नाच्या दिवशी नांदेडहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मंगलाष्टकं चालली होती, अक्षता उडत होत्या. माझी बोटं तेलाने माखलेली, म्हणून फोन मामंजींनी धरला होता, उलटा. मी त्यांना म्हटलं, "सरळ धरा ना." त्यांनी धरला. तोवर अंतरपाट दूर झाला होता.