मिलिंदचे कान

संगीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरला माझ्या भांड्यांच्या दुकानात होतो. समोरचं गिऱ्हाईक एका पितळी घंगाळावर टिचकी मारून आवाज बघत होतं. "आप्पा, हे गेले," वहिनी म्हणाल्या. मिलिंदचं हृदय पहाटे झोपेतच थांबलं होतं. मी घंगाळ बांधून दिलं, शटर ओढलं आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूर मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात दुकानाचेच विचार होते. वाईट वाटायला मला वेळ लागतो... आता दोनेक महिने झालेत, म्हणून लिहितो आहे.

पंचेचाळिशी उलटल्यावर मला कॉम्प्युटरवर संगीत तयार करायची हौस आली. आमच्या लातुरात क्लासला जाणारा एकतर डॉक्टर व्हायला निघालेला असतो नाहीतर इंजिनिअर, त्यामुळे घरात माझी यथेच्छ चेष्टा झाली. कुणीतरी मिलिंदचं नाव सांगितलं. त्यानं तरुणपणाची कितीतरी वर्षं लग्नात आणि मिरवणुकीत डीजेचे बॉक्स सांभाळले होते. मग ते सोडून नांदेडच्या आपल्या घरात, माडीवरच्या खोलीत भिंतींना जुन्या वाकळा ठोकून तो नवशिक्यांना शिकवायला लागला. घर त्या शिकवणीवरच चालायचं. मी पहिल्या रविवारी नवा लॅपटॉप, नवा कीबोर्ड आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या आवाजांचा ढीग घेऊन गेलो. त्यानं सगळं बघून घेतलं. "आप्पा, हे ठिवा बाजूला. चार आवाज घ्या, त्याच्यातच महिना काढा. आन् आवडीचं एक गाणं घेऊन ते पहिल्यापासून जसंच्या तसं बांधा."

मी बांधलं. तेव्हा कळलं की गाण्यात बराच वेळ काहीतरी थांबलेलंच असतं. बेस थांबतो, ठोका थांबतो, मग परत येतो म्हणून बरा वाटतो. आम्ही नवशिके मात्र पाहुण्याचं ताट भरावं तसं सगळंच एकदम वाढत असतो. एकदा मी त्यानं रेकॉर्ड केलेली हलगी घेतली आणि कॉम्प्युटरच्या सोयीनं तिचा प्रत्येक ठोका अगदी वेळेवर आणून बसवला. मला ते फार सफाईचं वाटलं होतं. मिलिंद ऐकून म्हणाला, "समदे रांगंत उभे केले तुम्ही. आता नाचायचं कुणी?" मी तो सगळा उद्योग पुसून टाकला.

आमच्याबरोबर रेश्मा शिकायची, खासगी दवाखान्यात नर्स होती. तिनं जयंतीच्या मिरवणुकीसाठी एक गाणं केलं, भावाच्या आवाजात. मिलिंदला तिनं विचारलंही होतं, "सर, वरच्या पट्टीत काहीतरी बारीक वाजून राहिलंय का?" त्यानं ऐकलं आणि सांगितलं, "काही न्हाई. झकास हाय." मिरवणुकीला त्यानं मलाही बोलावलं होतं. तिचं गाणं बॉक्सवर लागलं आणि त्यातून सुईसारखी शिट्टी निघाली. लहानथोर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. पोरांनी ते बंद करून दुसरं लावलं. रेश्मा गर्दीतून निघून गेली. मिलिंद बॉक्सला अगदी लागून उभा होता. त्याचे हात खालीच होते, आणि लोकांना काय झालं ते त्याला कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यानं आम्हाला खाली बसवलं. "वरचे आवाज मला येत न्हाईत. लई वर्षं झाली. बॉक्सपाशी उभं राहून कान गेले. तुम्ही दुसरा सर बघा." कान गेलेल्या माणसाकडं संगीत शिकायला कोण येणार, हे त्याला आमच्याआधी समजलं होतं. म्हणून तर लपवलं होतं. रेश्मा रागातच होती. "सर, सगळ्या वस्तीसमोर माझं गाणं पडलं. तुम्ही आधी सांगायचं होतं."

"हाव. सांगायचं होतं."

मग तिनंच लॅपटॉप ओढला. "वरचं काय वाजून राहिलंय ते मी सांगते. खालचं तुम्ही बघा."

तिथून क्लासची रीतच बदलली. ज्याचं गाणं असेल त्यानं ते हळू आवाजात लावायचं आणि ऐकू येईल ते मिलिंदला शब्दांत सांगायचं. "कुरकुरीत हाय का ओलं?" तो विचारायचा. "ठोक्याच्या पुढं हाय का मागं?" आवाज सांगायचा म्हटलं की तो आधी नीट ऐकावा लागतो. माझे कान त्या वर्षभरात तयार झाले. कुणी नवशिका मला विचारतो तेव्हा मी त्याला महागडे हेडफोन सुचवत नाही. शेजारी एक माणूस बसवा आणि त्याला सांगत जा, असं म्हणतो. लोकांना ते पटत नाही.

परवा नांदेडला गेलो होतो. क्लास आता रेश्मा घेते, वरून तिचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता वहिनी म्हणाल्या, "मला लई आधी कळलं होतं. त्यांना वाटायचं मला म्हाईत न्हाई." सकाळी उठल्यापासून त्या त्याला घरातले बारीक आवाज सांगायच्या म्हणे, गप्पांच्या ओघात, त्याला कळू न देता. दुधवाल्याची बेल, फोन, पाखरं.

त्या चहा गाळत होत्या. खिडकीबाहेर चिमण्यांचा गलका झाला.

"चिमण्या आल्यात," त्या मोठ्यानं म्हणाल्या, पाठमोऱ्याच. ते मला सांगितलेलं नव्हतं.