रक्त कमी आहे म्हणजे काय

आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर दरवर्षी बदलतो, प्लासिदा बदलत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथं फरशी पुसायला लागली. तरुणपणी ला पाझ शहरात धुणीभांडी केल्यामुळे तिला डॉक्टरांचं स्पॅनिश कळायचं, आणि आयमारा, आमच्या डोंगरातली भाषा, तर घरचीच. तेव्हाच्या डॉक्टरने तिच्या हातातला पोछा काढून घेतला आणि तिला दुभाषी म्हणून शेजारी बसवलं. कागदावर ती अजून झाडूवालीच आहे. केसपेपर मी लिहितो, म्हणून मला ठाऊक.

डॉक्टर 'उच्च रक्तदाब' म्हणाला की ही सांगणार, "नळ्या ताठरल्यात, रक्ताला जोर लावावा लागतोय. मीठ कमी कर." माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन नेमकं उलटं करतात. पालथ्या घड्यावर पाणी. प्लासिदाचं डोकं कायम तापलेलं असतं ते उगाच नाही.

गेल्या मंगळवारी म्हातारा तिमोतेओ आपल्या सुनेला, निल्डाला, घेऊन आला. आठवा महिना, चेहरा पांढराफटक. बोटाच्या थेंबात हिमोग्लोबिन आठ निघालं. डॉक्टर म्हणाला, "नळीभर रक्त काढून आजच शहरात पाठवू. तिच्या गटाची पिशवी तयार ठेवायला हवी, नाहीतर बाळंतपणात जिवावर बेतेल."

प्लासिदाने सांगितलं, "हिच्या अंगात रक्त कमी आहे. तपासायला थोडं काढायचंय."

"कमी आहे म्हणतेस, आणि त्यातलंच काढतेस?" म्हातारा म्हणाला.

माणूस जेवढं रक्त घेऊन जन्मला तेवढंच, गेलेलं परत येत नाही, असं आमच्याकडे म्हातारी माणसं मानतात.

"भरून येतं, दादा. झऱ्यातून बादली काढली की झरा भरतो ना?"

"आमचा वरचा झरा तीन वर्षं झाली आटलाय. कुठल्या झऱ्याचं बोलतेस?"

"बरं, अल्पाकाची लोकर. कातरली तरी परत येतेच की."

"अशक्त जनावर थंडीत कातरलं तर सकाळी मेलेलं सापडतं. बाई, तू कळप विकून किती वर्षं झाली?"

मला हसू फुटलं. प्लासिदाने असं काही बघितलं की मी मुकाट्याने केसपेपरात डोकं घातलं.

"समजलं का त्यांना?" डॉक्टरने विचारलं.

"माझ्यापेक्षा जास्त समजलंय."

"मग सांग ना, की बाळंतपणात ही मरू शकते म्हणून. मघापासून तेच सांगतोय मी."

गरोदर बाईसमोर मरणाचं नाव काढायचं नसतं, काढलं की ते घर शोधत येतं. प्लासिदा ते वाक्य आयमारात आणतच नव्हती. मला दोन्ही भाषा येतात, रोज चार हातांवर बसतो, तरी एकोणीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिचाही राग आला मला आणि स्वतःचाही.

म्हातारा उठला. "चल गं सूनबाई."

प्लासिदाने टेबलावर हात आपटला. "बस खाली. ही मरेल. बाळंतपणात रक्त वाहायला लागलं तर शहर पाच तास लांब आहे, आणि ही तुझ्या घरात, तुझ्या घोंगडीवर मरेल. आता कळलं?"

म्हातारा हळूच खाली बसला.

"हे आधी सांगायचं सोडून झरा काय, लोकर काय," तो पुटपुटला. "काढा रक्त."

निल्डाने आपणच बाही वर सारली. नळी भरत होती, पण तिचं लक्ष प्लासिदाकडे होतं. निल्डाची थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात घरीच गेली. तीही आमच्याच केंद्रात दाखवायला यायची.

"मावशी, तेव्हाच्या डॉक्टरने ताईबद्दलही असंच सांगितलं होतं का?"

"हो."

"मग तू तिला काय सांगितलंस?"

प्लासिदा कापसाचा बोळा धरून उभी होती. खोटं बोलली असती तर निल्डाला कळणार नव्हतं, मलाही नाही.

"मटण खा आणि आराम कर, असं सांगितलं," ती म्हणाली.