पोर लुई

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास कतारमध्ये, दोह्याच्या आमच्या ऑफिसात मी मराठीचा स्वयंघोषित मास्तर होतो. कुणी ‘मी बोललो’ म्हटलं की त्याला ‘म्हणालो’ म्हणायला लावायचो. मॉरिशसचा एक नवा सर्व्हेअर आला आणि तो घरी मराठी बोलतो असं कळलं, तेव्हा शुक्रवारी त्याला जेवायला बोलावलं. त्याची मराठी तपासायला, दुसरं काय.

आमटी वाढताना मी विचारलं, “घरची आठवण येते का?”

“येते तर. माझा जीव सगळा पोर लुईत.”

लुई हे त्याच्या मुलाचं नाव, असं मी धरून चाललो. ‘पोर’ काय म्हणायचं, ‘मुलगा’ म्हणावं, हेही मनात नोंदवलं. “केवढं आहे पोर?”

“मोठां हाय. पाठी डोंगर, पुढे बंदर. मध्ये घोड्यांच्या शर्यती.”

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. पोर्ट लुईस, मॉरिशसची राजधानी. तिथले लोक तिला असंच म्हणतात. ऊस तोडायला रत्नागिरीकडून निघालेला त्याचा पणजोबा त्याच बंदरात उतरला होता.

“पण मराठी आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरली,” तो ओशाळून म्हणाला. “चार पिढ्यांत गेली.”

मी त्याची समजूत घालणार, तेवढ्यात माझी मुलगी बाहेर आली. त्याने मायेने विचारलं, “कितवीत हायस गो बाय?”

“आय ॲम इन फोर्थ, अंकल.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अदबीने म्हणाला, “तुमचां एका पिढीतच झालां.”

ते वाक्य मी दुरुस्त केलं नाही.