न बसणारं पाणी

माझ्या थोरल्या साडूंइतकी गढूळ पाण्याची कदर करणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल. त्या दुष्काळी वर्षांत आमचं शहर शेजारच्या सातारा डोंगराकडं पसरत होतं. घरं आधी आली, नळ यायचे होते. टँकरच्या पाण्यात माती आली की आम्ही भांडायचो आणि साडू आनंदानं बरणी भरून घ्यायचे. "साब, ऐसा गिराइक पैली बार देखा," टँकरवाले चाचा म्हणायचे.

साडूंची सारी नोकरी लोहखनिजाच्या प्रयोगशाळेत झाली. दळलेलं खनिज पाण्यात ढवळायचं, योग्य औषधं घालून खालून हवा सोडायची. वाळू बुडबुड्यांवर स्वार होऊन वर येते, लोखंड खाली राहतं. पण खनिजातली चिकणमाती दोघांवरही सारखाच लेप चढवते. "मग बुडबुड्यानं वाळू ओळखावी कशी?" साडू विचारायचे. त्यांचा उतारा म्हणजे सोडियम सिलिकेट, त्यांच्या भाषेत काचपाणी. ते थोडं घातलं की मातीचे कण कशालाच चिकटत नाहीत, सुटे तरंगत राहतात. घरच्या बरण्यांतही ते हेच घालून माती किती दिवस बसत नाही ते बघायचे. सत्कार समारंभातही ते व्यासपीठाकडं बघत पुटपुटायचे, "हार उतरवा, मग कळंल लोखंड किती न् वाळू किती." लग्नात भांडखोर नातेवाइकांची पानं ते मुद्दाम लांब मांडायचे. "जवळ कुणीबी आणतं. दूर ठेवायला शास्त्र लागतं."

एकदा त्यांच्या मुलीला बघायला लासूर स्टेशनची मंडळी यायची होती. घरात पाण्याचं एकच पिंप. माझी मेव्हणी, म्हणजे अक्का, सकाळपासून तुरटी फिरवत होती, पाणी मात्र तसंच लाल.

"अहो, हे बसंना कसं? पाहुण्यांच्या हातावर चिखल घालू का?"

"तुरटीलाबी दाद देईना?" साडू हरखून धावत आले. मग अक्काचा चेहरा दिसला. "काल जरा काचपाणी टाकून बघितलं…"

"लेकीचं लग्न करायचंय का बरण्या भरायच्यात?"

साडू बादल्या उचलून शेजारच्या बोअरवर गेले. तिथलं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नसे. अशा पाण्यात काचपाण्याचं काही चालत नाही, कण पुन्हा गोळा होतात. नोकरीत असल्याच पाण्यानं त्यांचे कितीतरी प्रयोग बिघडवले होते. त्यांनी दोन बादल्या पिंपात ओतल्या. दुपारी पाणी निवळून पिंपाचा तळ दिसला. पाहुण्यांनी हात धुतले, मुलगी पसंत केली. साडू पिंपात वाकून म्हणाले, "जन्मभर ज्याच्याशी भांडलो, त्यानंच लाज राखली."

आता नळ आलेत, साडू नाहीत. खिडकीत त्यांची शेवटची बरणी आहे. माती तळाला जायला लागली की अक्का ती उचलून हळूच हलवते. परवा मी नुसतं बघितलं, तर म्हणाली, "इतक्यात नाय बसू द्यायची."