सातव्या फेरीतला गडी

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावरही ही खोड जात नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. त्यामुळे मी केलेली चूक सांगताना अजून कान गरम होतात.

आम्ही आयर्लंडमध्ये एनिसला राहायचो, कारण नवऱ्याची नोकरी शॅननला. माझं ऑफिस डब्लिनमध्ये, बॉल्सब्रिजला. २०२०च्या मार्चमध्ये ते बंद झालं आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसलं. कंपनी अमेरिकन. सोमवारच्या कॉलवर तिकडची मंडळी आधी पंधरा मिनिटं त्यांच्या फुटबॉलवर बोलायची, ज्यात पायाचा संबंध नावापुरता. चारचौघांत गप्प बसणं मला कधी जमलं नाही, म्हणून मी त्या मॅचेस बघायला लागले. ऑफिस घरी यायच्या आधीच्या दोन वर्षांतच मी त्यांच्यापेक्षा जास्त वेडी झाले होते, आणि त्यांची टीम ती माझी टीम.

आयर्लंडमध्ये आमच्या टीमच्या चाहत्यांचा नऊ जणांचा ग्रुप होता. प्रमुख होते किलकेनीचे एक निवृत्त पोस्टमन. त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे. त्यांनी एक रीत पाडली होती. दर एप्रिलमध्ये टीम कॉलेजांतली नवी पोरं निवडते, सात फेऱ्यांत. निवड झाली की आमच्यातला प्रत्येक जण एकेक पोर वाटून घ्यायचा, त्याचे कॉलेजचे सामने बघायचा, मार्क द्यायचा आणि वर्षभर त्याच्या वतीने भांडायचा. पहिल्या फेऱ्यांतली चांगली पोरं जुन्यांनी उचलली. मी ग्रुपचं शेंडेफळ, म्हणून मला सातव्या फेरीतला मिळाला. बचावाच्या पहिल्या रांगेत उभा राहून समोरच्या धिप्पाड माणसांना ढकलत आत घुसणं, हे त्याचं काम. सातव्या फेरीतल्याचं काही खरं नसतं. वर्षभर टिकला तर टिकला, नाहीतर घरी.

याला टीममध्ये जागा मिळावी, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं. कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी असलेल्या माणसाला काहीतरी हवं असावं लागतं.

त्याचा नंबर शहाण्णव. कॉलेजातल्या त्याच्या शेवटच्या मोसमाचे सामने धड मिळेनात, पण त्याच्या आधीच्या मोसमाचे सगळे इंटरनेटवर स्वच्छ मिळाले. एका कानात ऑफिसचा कॉल असायचा, म्हणून सामन्यांचा आवाज बंद. जिथे जिथे शहाण्णव दिसला तेवढा तुकडा कापायचा, त्याच्या आजूबाजूचं छाटायचं आणि पुढे जायचं. त्या कॉलेजात जर्सीवर नावं नसायची, आणि हेल्मेटच्या जाळीमागे चेहरा दिसत नाही. तरी महिनाभरात मी त्याला पाठमोरा, वाकलेला, पडलेला, कसाही ओळखायला लागले. खेळ सुरू व्हायच्या आधी हात जमिनीला टेकला की तो डाव्या हाताची करंगळी दोनदा उचलायचा. मग असा सुटायचा की समोरच्याला वळायलाही वेळ नाही.

मी वीस पानांचा अहवाल लिहिला. कॅप्टन म्हणाले, ग्रँड, म्हणजे इकडच्या बोलीत छान. त्यांनी तो अमेरिकेतल्या चाहत्यांच्या फोरमवर टाकला आणि तिकडे लोक हरखून गेले. इतकी वर्षं कुणी न पाहिलेला हिरा एनिसच्या एका बाईने शोधला, असं कुणीतरी लिहिलं. मी ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

मोसम सुरू झाला तो रिकाम्या स्टेडियमांत. खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसवली होती, सगळी हसणारी. प्रेक्षकांचा आवाज रेकॉर्ड केलेला, आणि कधी कधी तो जरा उशिरा यायचा. गडी पडायचा, क्षणभर सगळं शांत, आणि मग हजारो माणसं ओरडायची, जी तिथे नव्हतीच. रविवारी संध्याकाळी सहाला आमच्या बैठकीच्या खोलीत हे सुरू व्हायचं. मी आवाज कमी करायचे.

माझा गडी राखीव सराव करणाऱ्यांत होता. नोव्हेंबरमध्ये दोघे जण कोविडने बाहेर बसले आणि त्याला बोलावणं आलं. मी पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन बसले होते. तो मैदानावर आला. तेच खांदे, तोच शहाण्णव. वाकला, हात टेकला.

करंगळी हलली नाही.

पुढे तो दोन माणसांवर जाऊन आदळला आणि ढिगाखाली गेला. पुन्हा वाकला, पुन्हा तेच. मी म्हणाले, "हा तो नव्हे." नवरा हसला. पाठीवर नाव लिहिलंय की, म्हणाला. नाव बरोबर होतं, नंबर बरोबर होता, उंची बरोबर होती, आणि तरी आत दुसरंच कुणीतरी चालत होतं. हे मी कॅप्टनना सांगितलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

त्यानंतर दिवसा मी जुने तुकडे बघायचे आणि रविवारी त्याला. डिसेंबरात एनिसला साडेचारलाच अंधारतं. खिडकीच्या काचेत माझा चेहरा आणि स्क्रीनवरचा शहाण्णव एकावर एक दिसायचे. एकदा कॉल सुरू व्हायच्या आधी टेबलावर टेकलेल्या माझ्याच हाताची करंगळी दोनदा उठली. मी हात मांडीखाली दाबून बसले. मी सारखी त्याच्या जुन्या खेळाच्याच गोष्टी सांगते, हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. एक दिवस चहा ढवळता ढवळता तो म्हणाला, "तू त्याच्याबद्दल बोलतेस ना, तसं लोक गेलेल्या माणसाबद्दल बोलतात."

मला भीती वाटत होती, हे मान्य करण्यापेक्षा चिडणं सोपं होतं. मी चिडले. जुना खेळ एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला, अशी फिल्म मी फोरमवर टाकली आणि खाली लिहिलं की पगार सुरू झाल्यावर या माणसाने कष्ट करणं सोडलंय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हेच इंग्रजीत. शब्द मला बरे सुचतात, दुर्दैवाने. ती फिल्म सगळीकडे फिरली. लोक त्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन आळशी, चोर, काय काय लिहू लागले. आठवड्याभरात त्याने पान बंद केलं. मला वाटलं, खरं बोललेलं झोंबलं.

२०२१च्या एप्रिलमध्ये टीमने त्याला काढलं. निर्णय त्यांचा, माझ्या फिल्मने झाला असं नाही. असं मी स्वतःला सांगत होते.

नवी पोरं वाटून घ्यायच्या आधी मी जुने तक्ते नीट लावत होते. उंचीचा एक रकाना रिकामा होता, म्हणून माझ्या गड्याच्या कॉलेजची, मी तुकडे कापले होते त्या मोसमाची, खेळाडूंची यादी उघडली. शहाण्णवसमोर भलत्याच पोराचा फोटो होता. त्याचं ते शेवटचं वर्ष. पुढे तो कुठल्याच टीममध्ये दिसत नव्हता. तो गेल्यावर त्याचा नंबर माझ्या गड्याला मिळाला होता. त्या मोसमात माझा गडी एक्क्याण्णव होता.

वर्षभर मी दुसऱ्याच माणसाला मार्क देत होते. कुठलाही समालोचक पहिल्या मिनिटाला नाव सांगतो, आणि मी आवाज बंद केला होता. ज्या यादीपासून कुठलाही नवखा टेस्टर सुरुवात करेल, ती मी उघडली नव्हती.

मी एक सामना पुन्हा लावला, न छाटलेला. शहाण्णव वाकला, करंगळी दोनदा उठली. त्याच्या शेजारी, मी दर वेळी छाटून टाकलेल्या जागेत, एक्क्याण्णव होता. तो सुटला आणि समोरच्या दोन माणसांवर जाऊन आदळला. दोघेही त्याच्यावर पडले, आणि त्या रिकाम्या झालेल्या वाटेने शहाण्णव आत पळाला. पुढचा तुकडाही तसाच. त्याच्या पुढचाही. नोव्हेंबरानंतरच्या त्याच्या ज्या खेळाला मी आळस म्हणाले, तो हाच होता. दर वेळी एक्क्याण्णव ढिगाखालून सगळ्यात शेवटी उठायचा आणि शहाण्णवकडे जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारायचा.

मी कॅप्टनना फोन केला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे आपण इतके महिने कुणाला शिव्या घालत होतो?"

मी फोरमवर सगळं लिहिलं, माफी मागितली. चार जण हसले, एकाने जुनी गोष्ट म्हणून दुर्लक्ष करायला सांगितलं. लोक नव्या पोरांत गुंतले होते. त्याचं पान बंदच होतं. आपली चूक होती आणि ती सांगायला माणूस सापडत नाही, यापेक्षा वाईट मला काही ठाऊक नाही.

मग मी पहिल्या सामन्यापासून एक्क्याण्णवला मार्क द्यायला बसले. नवऱ्याने विचारलं, आता कुणासाठी? मी सामना सुरू केला, या वेळी आवाजासकट. एक्क्याण्णवला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते, आणि त्याला काढून टाकून आठ दिवस झाले होते.