पोरींची बट्टी, बायांचा समेट

समोरच्या ओट्यावर दोन पोरींची सकाळी कट्टी झाली. दुपारी बोटाला बोट लावून बट्टी झाली आणि एकच पेरू दोघींनी खाल्ला. मोठ्यांच्या बट्टीला समेट म्हणतात. त्यात ज्याचं गेलं, त्यानेच हात पुढे करायचा असतो.

माझ्या सुमनला बघायला आलेल्या पाहुण्यांना थोरल्या जाऊबाईंनी वाटेत गाठून सांगितलं, "पोरीला फिट येते." सुमनला कधी साधी चक्करही आली नाही. स्थळ मोडलं. संक्रांतीला सासूबाई म्हणाल्या, "तिचा तिळगूळ घे गं, झालं गेलं विसर." जाऊबाई हसून म्हणाल्या, "घे बाई, किती दिवस तोंड फुगवशील?" मी घेतला आणि गोठ्यात म्हशीपुढे टाकला.

परवा जाऊबाईंच्या लेकीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगी कशी आहे हो?" पोर गुणाची आहे, मला ठाऊक आहे. मी खाली बघितलं आणि म्हटलं, "मी काय सांगू? तिच्या आईलाच विचारा."

आज नकार आला. भिंतीपलीकडे पोर रडत होती. मी भाकऱ्या थापत ते शेवटपर्यंत ऐकलं.